मोठीचा रुपया

उधना, सुरत
४ ऑगस्ट १९९७

तारा,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर असलं काही लिहीत नको जाऊ. पोस्टमन नंदुरबारकडचा आहे, त्याला मराठी येतं. त्यानं सगळं वाचून मग हातात दिलं आणि वर मलाच विचारतो, मावशी, बाबांना काय झालं. पुढच्या वेळी पाकीट घाल.

आमच्या चाळीतल्या लोटूच्या तोंडाला झाकण नाही. सासर तुझं धरणगाव, गाव त्याचं धरणगाव, म्हणून निघताना सांगितलं होतं की ताराला भेट पण गप बस. आता कळलंच आहे तर ऐक. तुझ्या बापाला होळीपासून खोकला आहे. आधी म्हणाला, खात्यातली धूळ आहे, लूमवर सगळेच खोकतात. मग रक्त पडायला लागलं. ते तो मोरीत पाणी ओतून लपवायचा, जशी काय मी आंधळी. दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणतो फुप्फुसाचा एक भाग सडलाय, तो कापून काढावा लागेल, लवकर केलं तर माणूस वाचेल. खर्च सांगितला तेव्हा अमोल उठून बाहेर जाऊन उभा राहिला. तुझा भाऊ पर्वत पाटियाला दुकानात साड्यांच्या घड्या घालतो. त्या पगारात डॉक्टरचा पंखासुद्धा फिरायचा नाही.

तुला कळवलं नाही कारण बापानं नको सांगितलं. म्हणे, पोरीला आजोळी टाकली, आता दुखणं तिच्या अंगावर कशाला टाकू.

आता रुपयाचं. जावईबापूंनी जळगावला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन पाहिलं, राणी छाप रुपयाला लोक वेड्यासारखे पैसे देतात, तर मावशी, तुमच्या गळ्यातला विका आणि बापाचं ऑपरेशन करा, असं तू लिहितेस. तुझी अक्कल कुठं गेली? तो रुपया नाही. तुझी माय आहे ती. मी बोहल्यावर उभी राहिले तेव्हा तुझी आजी धुरपदाबाई, जिची पोर मरून वर्ष झालं नव्हतं, ती बाई स्वतः चालत आली माझ्या गळ्यात ती बांधायला. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला लावायचं, नाहीतर ती संसार होऊ देत नाही. टाक घडवायला तुझ्या बापाजवळ काही नव्हतं. आजीच्या गाठोड्यात हा रुपया होता. बाईचं तोंड आहे ना, मग चालेल, म्हणाली. सोनारानं कडी लावली आणि राणीची वत्सला, तुझी माय, झाली. मी तिला मोठी म्हणते. एकोणतीस वर्षं झाली, आंघोळीलाही गळ्यातून काढली नाही.

विकत नाही. हा विषय संपला.

किती भाव म्हणाले जावईबापू? नुसतं विचारते.

तुझी मावशी
सुंदरा


धरणगाव
११ ऑगस्ट १९९७

ती. मावशींना ताराचा नमस्कार,

तुम्ही रागावलात ते बरं वाटलं. मला वाटलं होतं तुम्ही उत्तरच देणार नाही.

मावशी, उन्हाळ्यात आठ दिवस मी तुमच्याकडे यायचे. माय दाखवा म्हटलं की तुम्ही हातातलं काम टाकून वाकायच्या आणि तो रुपया माझ्यासमोर धरायच्या. मी तिला शेव खाऊ घालायचे. मला ती खरंच माझ्या मायचं तोंड वाटायची. गावातल्या पोरींना सांगायचे, माझ्या मायच्या डोक्यावर मुकुट होता. त्यांनाही खरं वाटायचं. मग शाळेत इतिहासाच्या पुस्तकात तेच तोंड निघालं, खाली नाव दुसरंच. घरी येऊन मी आजीला मारलं. आजीनं मारू दिलं. नंतर म्हणाली, तुझी माय सावळी होती, मुकुट कुठला येतो तिला, पण नाक मात्र असंच होतं बघ. त्यानंतर मी तुमच्याकडे यायचे ती त्या नाकासाठी.

मायचा फोटो नाही. आजीही गेली. आता ते नाक सांगणारंही कोणी नाही. म्हणून विका लिहिताना मला काही वाटलं नसेल असं समजू नका. पण मायचं तोंड मला तसंही मिळालं नाही, बाप तरी राहू द्या.

यांनी भाव लिहून दिला नाही. ते म्हणतात, भाव सालावर असतो. मागच्या बाजूला वेलीत साल असेल. ते अठराशे बासष्ट असलं तर त्याच्या खाली बारीक टिंबं असतात, कोणत्या टिंबांचा आहे त्यावर ठरतं. काही सहज मिळतात, काही मिळतच नाहीत. आणि मावशी, त्यांनी आणलेल्या पुस्तकात लिहिलंय की नाणं घासू नका, राख-चिंच लावू नका. घासलं की किंमत जाते. कडीही घरी काढू नका.

नुसतं दाखवून तरी या. दाखवलं म्हणजे विकलं असं नाही.

तुमची
तारा


उधना
२५ ऑगस्ट १९९७

तारा,

राख लावू नका हे तू एकोणतीस वर्षं उशिरा लिहिलंस. दर अमावस्येला मी तिला गळ्यातल्या गळ्यात राखेनं घासूनच आंघोळ घालत आले.

जाऊन आले. शेजारच्या सरलाबाईला तुझ्या बापाजवळ बसवलं, पोरीच्या घरी वाण द्यायचंय असं खोटं सांगितलं. माझी पोर म्हणजे तूच, आणि तू धरणगावात, पण सरलाबाई एवढा विचार करत नाही. भागळच्या बाजारात एका गल्लीत जुन्या नाण्यांचा म्हातारा बसतो. गळ्यातली काढून न्यायला हात होईना, तशीच गेले. त्याच्या पुढ्यात बसून काढली, डोळ्याला लावली आणि ठेवली.

"आ शुं छे, बेन?" हे काय, विचारतो.

"माझी सवत आहे," म्हटलं.

तो हसला. म्हणाला, "सवतने वेचवा आव्या?"

मी म्हटलं, "विकायचं मग बघू. आधी ती केवढ्याची आहे ते सांगा. मी आजवर विचारलं नव्हतं."

त्यानं पालथी बाजू धरली, डोळ्याला भिंग लावलं. बासष्टचाच निघाला. टिंबं बघायला लागला. एकदा बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. मग उठून आतून माझ्यासाठी पाणी आणलं आणि पंखा माझ्याकडे फिरवला. तेव्हाच मी समजले की काहीतरी आहे. मोठीला मनातल्या मनात म्हटलं, बाई, मेल्यावर तरी नवऱ्याच्या कामाला आलीस.

मग त्यानं ती उलटी केली.

"आनुं मोढुं क्यां गयुं?"

तोंड कुठं गेलं, म्हणतो. मी म्हटलं झिजलं असेल, राखेनं घासते मी. तो म्हणाला, नाही बेन. राखेनं सगळं झिजतं. बाजारात फिरून झिजलं तर कडा आधी जातात. तुमची मागची वेल ताजी आहे, कडा ताज्या आहेत, पुढची गोल अक्षरंही वाचता येतात. फक्त मधलं तोंड गेलं आहे. गेलं म्हणजे कसं, तिथं खळगा पडलाय. त्यानं माझा हात धरून माझा अंगठा तिथं ठेवला. खळगा मोठा, माझा अंगठा आत हलत होता. मग त्यानं स्वतःचा ठेवला. बरोबर बसला.

"कोई मरदनो अंगूठो छे," म्हणाला. "रोज, एक ज जगाए." कुणा पुरुषाचा अंगठा, रोज एकाच जागी.

तारा, मी रोज तिला बघते असं मला वाटायचं. कुठं बघते? गळ्यातलं माणसाला स्वतःला दिसतं का? अमावस्येला हातात यायची ती राखेनं भरलेली. तोंड होतं तेव्हाही मी ते मोठीचं म्हणून पाहिलं नाही आणि गेलं तेव्हाही पाहिलं नाही.

कडीनं अर्धी किंमत गेली आणि तोंडानं सगळी, असं त्यानं सांगितलं. आता चांदीचा भाव मिळेल, तोही कडी जोडायला डाक लावलेला भाग सोडून. तोंड असतं तर किती, हे मी विचारलं. त्यानं आकडा सांगितला. तो लिहीत नाही. तुझ्या बापाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं पेढे वाटले असते.

रिक्षात बसले ती उधना दरवाजा मागं गेला तरी कळलं नाही. तुला सांगू नये, तू त्याची पोर आहेस. पण कुणाला सांगू, सरलाबाईला? तुझा बाप रातपाळीचा माणूस. सकाळी खात्यातून यायचा, पोरगं शाळेत गेलेलं, मी चुलीजवळ. हातपाय धुऊन म्हणायचा, "आठे बस जराशी." मी तिथंच त्याच्याजवळ बसायची. तो काही बोलायचा नाही. माझ्या गळ्याशी हात ठेवायचा आणि तसाच डोळे मिटायचा. अंगठा हलत असायचा. लूमवर तुटलेले धागे सांधून सांधून त्याचा अंगठा कानशीसारखा झालेला, कधी कधी कातडीला लागायचा. मी म्हणायची, जाऊ दे, बाई माणसाला आणि काय पाहिजे. रातभर मशीन बघून आलेला माणूस आधी माझ्याजवळ बसतो. चाळीतल्या बायकांच्या नवऱ्यांचं ऐकलं की मला माझ्या नशिबाचा गर्व वाटायचा. तारा, मी गर्व केला ग.

तो माझ्याजवळ बसतच नव्हता. तो तिच्याजवळ बसायचा. मी खुंटी होते, तिला टांगायची.

आणि मोठीचं तोंड पुसून टाकलं ते टाकलं, स्वतःचं औषधही त्यात पुसून टाकलं.

त्याला काही बोलले नाही. सरलाबाईकडून ऐकलेलं, वाण दिलं का, म्हणाला. दिलं म्हटलं.

सुंदरा


धरणगाव
१ सप्टेंबर १९९७

ती. मावशी,

तुमचं पत्र मिळालं.

तुम्ही बापावर आळ घेताय. ते तोंड मी घासलं. उन्हाळ्यात तुमच्याकडे आले की तुम्ही दुपारी आडव्या व्हायच्या तेव्हा मी तुमच्याजवळ बसून ते बोटानं घासायचे. वाळूही लावायचे. मायचं तोंड चकचकीत व्हावं म्हणून. मला आत्ता सगळं आठवलं. त्या म्हाताऱ्याला काय कळतं अंगठा कोणाचा ते. तुम्ही मनातून काढून टाका आणि ती गळ्यात परत घाला.

यांनी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात विचारलंय. बापाला इकडे आणता येईल का? मी सगळं करीन.

तुमची
तारा


उधना
१४ सप्टेंबर १९९७

तारा,

खोटं लिहू नकोस, तुला येत नाही. तू आठ दिवस यायचीस, त्यातले चार दिवस मला घाबरून बोलायचीस नाही. आठ दिवसांत पोरीच्या बोटानं चांदीला खळगा पडत नाही. आणि दुपारी मी कधी आडवी झाले, ते सांग.

पण लिहिलंस. ते पत्र मी ठेवून दिलंय.

धुळ्याचं राहू दे. अमोलनं शेठकडून उचल घेतली, मी पाटल्या मोडल्या, पुन्हा त्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं नवा फोटो काढला, उजेडाला धरला आणि खाली ठेवला. दुसऱ्या बाजूलाही पसरलंय. आता कापायला जागा नाही, म्हणाला. इतके दिवस कुठं होता? मी म्हटलं, भागळला होतो. त्याला कळलं नाही.

तुझा बाप घरीच आहे. पेज घेतो. परवा मला म्हणाला, तारा आली होती का, शेवेचा वास येतोय.

मोठीला मी गळ्यात घातली नाही. तांदळाच्या डब्यात ठेवलीय. मंगळसूत्र आहे, पदर ओढून घेते, त्याला दिसत नाही. मला बघायचंय. ती नसली तर हात येतो का ते बघायचंय. एकोणतीस वर्षं मी तिचं केलं, पहिला घास तिला दाखवला, मला एवढं तरी कळायला पाहिजे की माझी एकटीची किंमत काय.

असं ठरवलं खरं. पण सकाळी त्याचा हात उठतो आणि मी दूध उतू गेलं म्हणून उठते. रोज उठते. सरलाबाई म्हणाली, तुमच्याकडे दूध फार उतू जातं.

तू ये. रजा मिळेल तशी ये.

सुंदरा


धरणगाव
२० ऑक्टोबर १९९७

मावशी,

तेराव्याला एवढी माणसं होती की तुझ्याजवळ बसताच आलं नाही. पोचायला मला उशीर झाला, बापाचं तोंडही दिसलं नाही. मायचंही नाही आणि बापाचंही नाही. हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

तुझा गळा मोकळा होता. बायका म्हणत होत्या, कुंकवाबरोबर तीही उतरवली असेल. मला माहीत होतं ती आधीपासूनच डब्यात आहे. विचारायचं होतं पण तू भांडी मोजत होतीस.

आता विचारते. हात आला होता का?

खोटं लिहू नकोस.

तारा


उधना
२६ ऑक्टोबर १९९७

तारा,

तू मला तू म्हणालीस. चालेल. असंच म्हण.

आला होता. पितृपक्ष लागला त्या आठवड्यात. सकाळची वेळ, नळ येऊन गेलेला, मी त्याला पेज भरवत होते. चमचा त्यानं बाजूला केला. "आठे बस," म्हणाला. आवाज उरला नव्हता, ओठांवरून कळलं. दूध उतू घालवायला घरात दूधच नव्हतं त्या दिवशी. बसले.

हात गळ्याशी आला. नुसती हाडं होती हाताची. बोटं मंगळसूत्रावरून फिरली, मणी बाजूला सारले, शोधत होती. मनात म्हटलं, आता विचारेल, ती कुठंय. डबा जवळच होता, विचारलं असतं तर मी तिथल्या तिथं काढून बांधली असती, मरणाऱ्या माणसाला छळू नये.

त्यानं विचारलं नाही. रुपया असायचा त्या जागी माझ्या कातडीवर रुपयाएवढा डाग आहे, एकोणतीस वर्षांचा. तिथं त्याचा अंगठा थांबला. मग हलायला लागला. तसाच, रोजच्यासारखा. अंगठा अजून खरखरीत होता, तेवढाच त्याच्यात उरला होता. मधे चांदी नव्हती म्हणून लागत होतं. लागू दिलं. हलत हलत तो झोपला.

त्याला कळलं की ती नाही, का नाही कळलं, मला माहीत नाही. डोळे मिटलेले होते. कळून अंगठा तिथं ठेवला असेल, किंवा हाताला सवय असेल, बैलाला घाण्याची असते तशी. जागा झाल्यावर विचारता आलं असतं. चार दिवस होते हातात. मी विचारलं नाही. हो म्हणाला असता तर मी म्हटलं असतं, मन राखतो. नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं? म्हणून कपाळावर ओली पट्टी ठेवत बसले.

लोटू दिवाळीला गावी निघालाय, त्याच्याबरोबर मोठी पाठवते. कापडात शिवली आहे, त्याला सुपारी आहे म्हणून सांगितलंय, नाहीतर गाडीभर दाखवत बसेल. आता ती तुझी. तुझ्या गळ्यात घालू नकोस, ती सवतीनं घालायची असते, लेकीनं नाही. देव्हाऱ्यात ठेव. शेव दाखवत जा, तिला सवय आहे. विकायची झाली तर वीक, चांदीचा भाव येईल, मी रागावणार नाही. पण राख लावू नकोस. तुझ्या पुस्तकात लिहिलंय ना.

आणि तिच्यावर तोंड शोधू नकोस, नाकही शोधू नकोस. खळगा दिसेल. तुझ्या मायचं तोंड तुझ्या बापाच्या अंगठ्याला लागून गेलं आणि तो अंगठा उमऱ्याच्या स्मशानात जळला. अमोलनं राख तापीत सोडली. तुला दोघांचंही तोंड दिसलं नाही म्हणतेस. त्या खळग्यात अंगठा ठेव. ती जागा दोघांची आहे. माझा काही संबंध नाही त्यात, मी नुसती गळा धरून होते.

माझं म्हणशील तर गळा हलका लागतो. चालताना तोल गेल्यासारखं होतं, सरलाबाई म्हणते अशक्तपणा आहे. सकाळी नळ येऊन गेला की चुलीजवळ बसते. कामधाम नसतं, बसते. अंगठा आपोआप त्या डागावर जातो. घासून बघते. पण माझा अंगठा मऊ आहे ग. त्याला धाग्यांची सवय नाही. काही लागत नाही.

तुझी
सुंदरा